सातबाऱ्यावर उत्पादन कळत नाही
सातबारा ऑनलाइन झालाय, ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) आहे, मग शेतीचं वेगळं सर्वेक्षण कशाला, असं काहीजण विचारतात. सातबाऱ्यावर पेरा कळतो, उत्पादन नाही. त्यासाठी पीक कापणी प्रयोगच लागतो. चिठ्ठी काढल्यासारख्या, कुणाच्या मर्जीनं न निवडलेल्या आकड्यांनी ठरेल त्याच जागी ठरलेल्या मापाचा, बऱ्याच पिकांना १० बाय ५ मीटरचा, प्लॉट आखायचा, कापायचा, मळायचा, तिथंच वजन घ्यायचं. दोरी चार पावलं चांगल्या पिकाकडे सरकली तर गावची सरासरी फुगते आणि पीक विम्याची भरपाई बुडते. ही पद्धत घडवणाऱ्यांपैकी एक, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आपल्या साताऱ्याकडचे!

१९७०-७१ पासूनची कृषी गणनाही (कोण किती जमीन कसतं याची सरकारी मोजणी) आपल्याकडे महसुली नोंदींवरच उभी आहे. त्यामुळे तोंडी बोलीवर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणारा बहुतेकदा त्यात दिसतच नाही. त्याला मोजायचं तर बांधावर जाऊन विचारायलाच हवं.