जिनिंग सुरू झालं की मॉडेमची लाइन तुटायलीय

सेलूकर:
मंडळी, आमच्या जिनिंगच्या ऑफिसात लिनक्सच्या पीसीला सिरियल पोर्टवर बाहेरचा ५६के मॉडेम लावलाय. सकाळी पीपीपी (फोनलाइनवरून नेट जोडायची पद्धत) एकदम छान चालतं. मशिनी सुरू झाल्या की तुटतं, परत डायल केलं की लागतं, पुन्हा तुटतं. काटापट्ट्यांची यादी दुपारीच परभणीला पाठवावी लागते, त्यावरच शेतकऱ्यांचे पैसे निघतात. बाहेर माणसं ताटकळलेली असतात, जीव तुटतो बघून. लाइनमन सकाळी येऊन 'लाइन ओके' सांगून गेला. मॉडेम बदलला, तरी तेच. काय बघावं?

अंबाजोगाईकर:
दादा, आधी फोन कुणी ठेवला ते बघा. पीपीपीडी, म्हणजे ही जोडणी चालवणारा प्रोग्रॅम, ते सिस्लॉगमध्ये (लिनक्सच्या नोंदवहीत) लिहितो. 'मॉडेम हँगअप' दिसलं तर कॅरिअर (दोन मॉडेमांमधला चालू सिग्नल) पडला, म्हणजे वायर नाहीतर मॉडेम. 'नो रिस्पॉन्स टू ४ एको-रिक्वेस्ट्स' असेल तर पलीकडून उत्तरच येत नाही. 'एलसीपी टर्मिनेटेड बाय पीअर' आलं तर समोरच्या सर्व्हरनंच ठेवला, मग आपल्या वायरी उकरून उपयोग नाही. मात्र पीपीपीडीच्या ऑप्शन्स फाइलमध्ये 'मॉडेम' आणि इनिट स्ट्रिंगमध्ये (मॉडेमला सुरुवातीला द्यायच्या कमांडमध्ये) 'एटी अँड सी१' (AT&C1) हवं, नाहीतर कॅरिअर पडलेला त्याला कळणारच नाही.

उदगीरहून:
पीसी जुना असेल तर सेटसिरियल कमांडनं यूआरटी (सिरियल पोर्टची चिप) बघा. १६५५०ए ला १६ बाइटचा बफर असतो, १६४५० ला तो नसतो. मग पोर्टचा वेग ११५२०० ठेवला की बाइट गळतात. 'crtscts' (बफर भरला की समोरच्याला थांबवणारा ऑप्शन) पण चालू ठेवा.

सेलूकर:
यूआरटी १६५५०एच आहे. लॉगमध्ये दर वेळी 'मॉडेम हँगअप'. साधा फोन लावून एक आकडा दाबला न् कान दिला, तर मोटार चालू असताना घूंऽऽ असा आवाज येतो, बंद केली की जातो.

अंबाजोगाईकर:
मग सापडलं. तुमची फोनची वायर मोटारीच्या थ्री-फेज केबलला चिकटून आलीय का बघा. वायर सपाट असेल तर काढा, पीळ दिलेली जोडी टाका. पिळामुळं दोन्ही तारांवर सारखाच आवाज बसतो अन् मॉडेमला तो वजा करता येतो. केबलपासून हातभर तरी लांबून न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. मधे पॅरलल फोन (त्याच लाइनवर जोडलेला दुसरा फोन) असेल तर तोही काढा.

तोवर काम अडू नये म्हणून मॉडेममधलं एस१० हे रजिस्टर (सेटिंग) ५० करा. कॅरिअर गेल्यावर मॉडेम किती थांबतो ते त्यात, सेकंदाच्या दहाव्या भागात. बहुतेक मॉडेमांत ते १४ असतं, म्हणजे दीड सेकंदही नाही. शिवाय मॉडेमला व्ही.३४ वर, म्हणजे ५६के च्या व्ही.९० पेक्षा हळू पद्धतीवर, बांधा. कमांड मॉडेमप्रमाणं बदलते, पुस्तकात बघा. व्ही.९० ला लाइन फार स्वच्छ लागते. व्ही.३४ वर वेग ३३.६के च्या वर जाणार नाही, पण यादी पोचेल, अन् आज तेच महत्त्वाचं.

वायर हलवूनही आवाज राहिला तर बाहेर जिथं लाइन इमारतीत शिरते त्या डबीवर फोन लावून ऐका. तिथंही घूं असेल तर दोष बाहेरचा. लाइनमनला परत बोलवा, पण सकाळी नको. जिनिंग चालू असताना बोलवा अन् त्याच्याच कानाला फोन द्या.