मांडीच्या हाडात रॉड टाकून सात महिने झाले, तरी हाड जुळलेले नाही

प्रश्न : माळावरचा

आमच्या थोरल्या काकांचे (वय 54) मांडीचे हाड दुचाकीच्या अपघातात मधोमध मोडले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून हाडाच्या पोकळीत रॉड घातला आणि वर व खाली स्क्रू बसवले. आता सात महिने होऊन गेले, तरी एक्स-रेमध्ये फ्रॅक्चरची रेषा स्पष्ट दिसते आणि पायावर भार दिला की नेमके मोडलेल्या जागीच दुखते. डॉक्टर म्हणतात की एका टोकाचे स्क्रू काढू, म्हणजे हाडावर दाब येऊन ते जुळेल. घरच्यांना हे उलटेच वाटते, कारण जे हाड जुळत नाही त्याचाच आधार काढून घ्यायचा, असा त्यांचा समज झाला आहे. काका तंबाखू खातात आणि त्यांना मधुमेह आहे. हाडजोडीचा काढा व डिंकाचे लाडू चालू आहेत, शिवाय गावाकडचे एक हाडवैद्य तेल लावून चोळून देण्यास तयार आहेत. स्क्रू काढण्यास होकार द्यावा का?

उत्तर : अस्थिरोग विभागातून

तेल लावून चोळणे आधी थांबवा. न जुळलेल्या जागी जोर पडल्याने फायदा काहीच नाही, इजा मात्र होऊ शकते.

मांडीचे हाड मधोमध मोडले आणि रॉड नीट बसला, तर साधारणपणे चार ते सहा महिन्यांत जुळते. नऊ महिने उलटले आणि शेवटचे तीन महिने एक्स-रेमध्ये काहीच फरक नाही, तर हाड आपणहून जुळणार नाही असे धरण्याची रूढ व्याख्या आहे. पण म्हणून नऊ महिने भरेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे असते, असे नाही. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाच्या चार कडा दिसतात आणि त्यांपैकी किमान तीन कडांवर नव्या हाडाचा पूल झाला असेल, तर ते जुळले असे मानतात. शंका असेल तर सीटी स्कॅन करतात.

स्क्रूंबद्दल घरच्यांची शंका रास्त आहे, पण त्यामागचे गणित वेगळे आहे. दोन्ही टोकांचे स्क्रू हाडाचे दोन तुकडे जागच्या जागी धरून ठेवतात, त्यामुळे मध्ये बारीक फट राहिली असेल तर तीही तशीच राहते. एका टोकाचे मोकळे केले की चालताना तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबाने हाड जुळण्यास चालना मिळते. मात्र मोड आडवी आणि स्थिर असेल तरच हे चालते. हाड तिरपे मोडले असेल किंवा त्याचा चुरा झाला असेल, तर पाय आखूड होण्याचा धोका असतो. शिवाय हा उपाय लवकर केला तर अधिक उपयोगी पडतो. सातव्या महिन्यात त्यावर किती भिस्त ठेवायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

खरा निर्णय एक्स-रेवर अवलंबून आहे. मोडीभोवती भरपूर नवे हाड दिसते पण मधली रेषा जात नाही, अशा वेळी हाडात जीव आहे, कमी आहे ती स्थिरता. तेव्हा जुना रॉड काढून, पोकळी थोडी रुंद करून एक-दोन मिलिमीटर जाड रॉड घालतात किंवा रॉड तसाच ठेवून बाजूने प्लेट लावतात. उलट टोके निमुळती व कोरडी दिसत असतील, तर तिथला रक्तपुरवठा कमी असतो आणि बहुधा कमरेच्या हाडातून कलम घेऊन लावावे लागते. यांपैकी काहीही करण्याआधी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, कारण आत छुपा जंतुसंसर्ग असेल तर उपचारांचा क्रमच बदलतो. रॉड कायमचा टिकेल असेही समजू नका. हाड जुळलेच नाही तर धातू थकतो आणि रॉड तुटतो.

तंबाखू पूर्ण बंद करावी लागेल, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मिश्रीही त्यातच आली. एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा) व ड जीवनसत्त्व तपासा. दुखण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका, कारण डायक्लोफेनॅकसारख्या काही गोळ्यांमुळे हाड जुळण्यास उशीर होतो असा संशय आहे. लाडू खुशाल खाऊ द्या, पण साखरेचा हिशेब ठेवून. डाळ, अंडी, दूध यांतून मिळणारी प्रथिने अधिक कामाची आहेत. काढ्यावर मात्र विसंबू नका.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट

भार किती द्यायचा हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या; ‘जमेल तसे चाला’ एवढ्याने भागत नाही. रॉड घातलेल्या पायाचा गुडघा हटकून आखडतो, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, क्षणभर तसेच धरून सोडावे, असे दिवसातून अनेकदा करावे. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. अनेक रुग्ण नेमकी त्याच बाजूच्या हातात धरतात. उकिडवे बसणे सध्या टाळावे आणि शौचालयात उंच कमोडची सोय करावी.

उत्तर : कोल्हापूरकर

माझ्या आईचे मांडीचे हाड घरातल्या घरात साधे पडल्याने मोडले होते. हाडे ठिसूळ झाल्याने ती बरीच वर्षे ॲलेंड्रोनेट घेत होती आणि त्याआधी काही आठवडे तिला मांडीत सतत मंद दुखत होते. अशा गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत क्वचित अशी मोड होते आणि ती जुळायलाही वेळ लागतो. आमच्या डॉक्टरांनी ती गोळी थांबवली आणि दुसऱ्या मांडीचाही एक्स-रे काढला. तुमच्या काकांना हे लागू नसेल, पण घरात कोणी अशी गोळी घेत असेल तर ध्यानात असावे.

माळावरचा

सर्वांचे आभार. काल एक्स-रे पुन्हा पाहिला : मोड आडवी आहे आणि दोन्ही बाजूंना नवे हाड फुगीर दिसते, फक्त मधली रेषा तशीच आहे.

अस्थिरोग विभागातून

मग हाडात जीव आहे, ही चांगली बाब आहे. जंतुसंसर्गाच्या तपासण्या समाधानकारक आल्या, तर स्क्रू काढणे की थेट जाड रॉड, एवढाच प्रश्न उरतो. सातव्या महिन्यात माझा कल रॉड बदलण्याकडे राहील, पण काकांना प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांचे मत माझ्या मतापेक्षा वजनदार आहे. जुन्या रॉडची जाडी शस्त्रक्रियेच्या कागदांत लिहिलेली असते. ते कागद आणि सगळे एक्स-रे तारखेनुसार लावून सोबत न्या.