चर्चा : टर्बो बसवलेल्या डोंगरी स्नोमोबाइलची मूळ स्किड बदलावी का?

चढणवेडा (धागाकर्ता)

माझ्याकडे ८०० सीसी वर्गातील, दोन स्ट्रोक इंजिनाची डोंगरी स्नोमोबाइल आहे. तिचा ट्रॅक, म्हणजे खाली फिरणारा दातेरी रबरी पट्टा, १६३ इंच लांब आणि १५ इंच रुंद आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिला बाहेरून घेतलेला टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे उपकरण, बसवला. इंजिनाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तक्रार आहे ती मागच्या सस्पेन्शनबद्दल, म्हणजे ट्रॅकच्या आत बसणाऱ्या रेल, पुढचा व मागचा आर्म आणि दोन शॉक यांच्या जुळणीबद्दल, जिला आपण सगळे स्किड म्हणतो. टर्बो बसवणाऱ्याने मूळ स्किड काढून वेगळ्या भूमितीची स्किड बसवायलाच हवी, या मतापर्यंत मी आलो आहे आणि ते येथे कसोटीसाठी मांडत आहे.

टर्बो नसलेले इंजिन दर हजार फूट चढाईमागे आपली साधारण तीन टक्के ताकद गमावते. समुद्रसपाटीला १६० अश्वशक्ती देणारे इंजिन दहा हजार फुटांवर ११० च्या आसपास येते. टर्बो ही गळती भरून काढतो आणि दाब वाढवला तर वर आणखी भर घालतो. ज्या उतारावर पूर्वी ट्रॅकला ११० अश्वशक्ती मिळत होती, तेथे आता जवळजवळ दुप्पट जोर पोहोचतो, पण तो जोर पेलणारे सांधे, आर्मचे कोन आणि शॉक मात्र तेच राहतात.

या जोराचे पुढे काय होते, ते पाहणे महत्त्वाचे आहे. थ्रॉटल दाबला की ट्रॅक स्किडच्या रेल पुढे ढकलतो. पुढचा आर्म टनेलपासून, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या धातूच्या पन्हळीसारख्या सांगाड्यापासून, मागे आणि खाली असा तिरका बसलेला असतो. रेल पुढे सरकू पाहते तेव्हा हा आर्म उभा राहू पाहतो आणि यंत्राचे नाक वर उचलतो. वजन मागे जाते, शेपूट खाली बसते, आणि ट्रॅकचा पुढचा भाग बर्फाला ज्या कोनात भिडतो तो कोन अधिक खडा होतो. मग ट्रॅक बर्फावर चढण्याऐवजी त्यात चर खणू लागतो. माझ्या बाबतीत गुडघाभर ताज्या बर्फात अर्ध्या थ्रॉटलपर्यंत सगळे उत्तम चालते. पूर्ण थ्रॉटल दिला की दोन-तीन सेकंदांत पोट बर्फाला टेकते आणि यंत्र थांबते.

मी लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे पुढचा आर्म किती उघडेल ते ठरवणारा पट्टा, दोन छिद्रे आखडून पाहिला. नाक खाली राहिले, हे खरे. पण स्कीवरचे वजन वाढले, हँडल जड झाले, उताराला आडवे जाताना यंत्र एका कडेवर कलवण्यासाठी अंगाची सगळी ताकद लावावी लागली, आणि पुढच्या शॉकची चाल कमी झाल्यामुळे उंचवट्यांवर हादरे बसू लागले. एक दोष दाबला की दुसरा वर येतो, याचा अर्थ दोष जुळवणुकीत नसून भूमितीत आहे, असे मला वाटते.

सावकाश_चढ

आपण निरीक्षण नेमके मांडले आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही.

पहिली गोष्ट अशी की मूळ स्किड ११० अश्वशक्तीसाठी बनवलेली असते, हे गृहीतकच तपासून पाहायला हवे. तेच यंत्र कमी उंचीच्या प्रदेशातही विकले जाते आणि तेथे त्या स्किडला इंजिनाचा पूर्ण जोर सोसावा लागतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेल वर्षात दोन स्ट्रोकचे ८५० सीसी टर्बो इंजिन कारखान्यातूनच बसवून दिले. आठ हजार फुटांपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवणे, असा त्याचा हेतू होता. पोलारिसचे टर्बो इंजिन २०२२ च्या मॉडेल वर्षात आले. या दोघांनीही टर्बो आणि बिनटर्बो यंत्रांसाठी मागच्या स्किडची मूळ रचना एकच ठेवली. टर्बोमुळे भूमिती आपोआप चुकीची ठरत असती, तर त्यांनी ती बदलली असती.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपण जोर किती आहे एवढेच सांगितले. तो कसा येतो हे सांगितले नाही. बाहेरून बसवलेल्या टर्बोत दाब एकदम उसळतो. इंजिनाचा जोर ट्रॅककडे नेणाऱ्या क्लचची वजने आणि त्याचा हेलिक्स, म्हणजे गुणोत्तर किती झपाट्याने बदलते ते ठरवणारा तिरका भाग, जुन्या इंजिनाला साजेशी असतील, तर आवर्तने झटक्यात वर जातात, ट्रॅक जागच्या जागी फिरतो आणि चर खणतो. आपले लक्षण मला स्किडपेक्षा क्लचचे वाटते, कारण अर्ध्या थ्रॉटलपर्यंत तीच स्किड उत्तम चालते असे आपणच लिहिले आहे.

तिसरे, आपले शॉक हवेचे आहेत का? तसे असेल तर वीस अंश सेल्सिअसच्या गॅरेजमध्ये भरलेल्या हवेचा निरपेक्ष दाब उणे पंचवीस अंशांत सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरतो. मागचा शॉक मऊ झाला की शेपूट आणखी बसते. एखाद्या सकाळी बर्फात पोहोचल्यावर, शॉक पुरेसा थंड झाल्यानंतर, दाब मोजून पाहावा अशी माझी विनंती आहे.

चढणवेडा

क्लचचा मुद्दा मी मान्य करतो. वजने बदलली आहेत, पण हेलिक्स जुनाच आहे. शॉक हवेचेच आहेत आणि मी दाब नेहमी गॅरेजमध्येच पाहतो, हेही खरे.

कारखान्यातल्या टर्बोचे उदाहरण मात्र मला पटत नाही. १६५ अश्वशक्ती म्हणजे त्याच इंजिनाची समुद्रसपाटीवरची ताकद टिकवणे झाले; माझ्या यंत्रावर त्याहून बराच अधिक जोर येतो. शिवाय सपाट प्रदेशात पूर्ण जोर लागतो तेव्हा खाली बहुधा टणक बर्फ असतो. टणक बर्फावर नाक उचलले तरी ट्रॅक बुडत नाही. तीव्र चढ, भुसभुशीत बर्फ आणि पूर्ण जोर या तीन गोष्टी एकत्र येतात त्या डोंगरावरच, आणि स्किडची खरी परीक्षा तेथेच होते.

पाना_आणि_माप

दोघांच्या वादात बसवणीचा विषय निघालेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या यंत्रांवर चार वेळा स्किड बदलली आहे. त्यांपैकी दोनदा समाधान झाले, एकदा मूळ स्किड परत बसवली, आणि एकदा टनेल फाटला.

आधी ट्रॅकचे पाहावे. ट्रॅक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टवरच्या चाकांच्या दात्यांमधले अंतर ट्रॅकच्या पिचशी, म्हणजे ट्रॅकवरच्या दात्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराशी, जुळावे लागते, आणि २.८६, ३.० व ३.५ इंच हे पिच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नवीन स्किडच्या रेलची लांबीही ट्रॅकच्या लांबीला साजेशी हवी. रचनाही सगळ्या एकसारख्या नसतात. स्की-डूच्या २०१३ पासूनच्या टी-मोशनमध्ये स्किडला आडवा लवचीकपणा दिलेला असतो, त्यामुळे यंत्र एका कडेवर कलवणे सोपे जाते. आर्क्टिक कॅटच्या २०१९ च्या अल्फा वनमध्ये दोन रेलऐवजी मध्यभागी एकच बीम आहे, आणि त्यासाठी ट्रॅकही वेगळा लागतो. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात आवडलेली स्किड आपल्या टनेलमध्ये आणून बसवली की तोच अनुभव मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. तो अनुभव स्किड, ट्रॅक, ड्राइव्ह शाफ्टची उंची आणि पुढची स्की यांचा मिळून बनलेला असतो.

यानंतर छिद्रे. स्किडच्या चारही जोडबिंदूंची मापे ड्राइव्ह शाफ्टच्या केंद्रापासून घ्यावीत; टनेलच्या कडेपासून घेतलेले माप फसवते. पुढच्या आर्मचा जोडबिंदू अर्धा इंच वरखाली झाला, तरी धागाकर्त्याने वर्णन केलेला तिरकेपणा बदलतो आणि नाक उचलण्याची प्रवृत्ती वाढते किंवा घटते. येथेच अनेक जण गुण स्किडला देतात, जो प्रत्यक्षात छिद्राच्या जागेचा असतो. छिद्र पाडण्यापूर्वी टनेलच्या आत कूलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या) कोठून गेले आहेत, हे डोळ्यांनी पाहावे. शॉक काढून, स्किड हाताने पूर्ण दाबून, ट्रॅकचे दाते कूलरला किंवा टनेलच्या छताला घासतात का ते तपासावे. तीन इंची दात्यांच्या ट्रॅकमध्ये ही जागा फार थोडी उरते. स्किड दाबताना ट्रॅकचा ताण किती बदलतो, तेही याच वेळी कळते.

ॲल्युमिनियमच्या टनेलमध्ये जुन्या छिद्राशेजारी नवे छिद्र पाडले की मधली पट्टी कमकुवत होते. माझा जो टनेल फाटला तो असाच, मागच्या आर्मच्या जोडापाशी, एका साध्या उडीनंतर. आतबाहेर मजबुतीची पट्टी रिव्हेट केल्याशिवाय टर्बोच्या यंत्रात हे काम कोणी करू नये, आणि पहिल्या फेरीनंतर सर्व बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासावा.

मला स्वतःला स्किड बदलणे आवडते, हे लपवत नाही. चांगल्या सुट्या स्किडमध्ये वजन कमी होते, आणि खोल बर्फात मागचे काही किलो कमी झालेले लगेच जाणवतात. पण धागाकर्त्याने वजनाचे कारण दिलेलेच नाही.

हिमरेषा

माझा अनुभव तांत्रिक नाही, पण एक बाजू सुटते आहे. बहुतेक हिमस्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात आणि आपण चढतो तेही याच उतारांवर. अशा ठिकाणी चर खणून अडकणे म्हणजे केवळ फावड्याची मेहनत नव्हे. आपण नको त्या जागी नको तितका वेळ थांबतो, आणि सोडवायला दुसरा आला की दोघे त्याच उतारावर उभे राहतात. म्हणून ज्या स्किडमध्ये मागचा आर्म पुढच्या आर्मशी जोडलेला असतो आणि शेपूट ठरावीक मर्यादेपलीकडे बसू शकत नाही, ती मला टर्बोच्या यंत्रात हवी वाटते. नाक हलके असले की वळून खाली येण्याचा मार्गही बंद होतो, कारण स्की बर्फाला लागलेलीच नसते.

सावकाश_चढ

हिमरेषा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि त्यामुळेच मी घाई करू नये म्हणतो. आर्म एकमेकांशी जोडलेली स्किड नाक खाली ठेवते, परंतु उंचवट्यांच्या वाटेवर ती कडक वाटते, आणि मोकळ्या स्किडची सवय असलेल्या चालकाला आडव्या उतारावर सुरुवातीला तोल सापडत नाही. ओळखीच्या यंत्रावर बिनओळखीची स्किड घेऊन पहिल्याच दिवशी तीव्र उतारावर जाणे धोक्याचे आहे.

धागाकर्त्याने हेलिक्स बदलावा, शॉकमधला दाब बर्फात मोजून भरावा आणि स्ट्रॅप एक छिद्र सैल करावा. त्यानंतरही पूर्ण थ्रॉटलवर पोट टेकत असेल, तर स्किडविरुद्धचा माझा आक्षेप मी मागे घेईन.

चढणवेडा

हा क्रम मी स्वीकारतो. स्किडची मागणी नोंदवणार होतो, ती आता पुढे ढकलली आहे. नवा हेलिक्स बसवून त्याच उतारावर, त्याच खोलीच्या बर्फात जाईन. टनेलला छिद्र पाडण्याआधी चारही जोडबिंदूंची मापे ड्राइव्ह शाफ्टच्या केंद्रापासून घेऊन येथे देईन, म्हणजे पाना_आणि_माप यांना पुढच्या आर्मचा कोन तपासता येईल.

तरीही माझे मूळ मत मी मागे घेतलेले नाही. क्लच सुधारल्याने जोर सावकाश येईल, पण तो आल्यावर तिरका आर्म उभा राहू पाहणारच, आणि तेवढ्यासाठी स्ट्रॅप आखडत राहिलो तर हँडल जड होणारच.

पाना_आणि_माप

मापे घेताना यंत्राचे पूर्ण वजन जमिनीवर असू द्या, आणि आपण ज्या पोशाखात, ज्या पाठपिशवीसह चढता तसेच त्यावर उभे राहा. दुसऱ्या कोणाला तरी आर्मचा कोन मोजायला सांगा. रिकाम्या, स्टँडवर टांगलेल्या यंत्राचा कोन पाठवलात तर त्यावरून मला काहीच सांगता येणार नाही.