उत्तर: साखरपुड्यानंतर किती जवळीक?

निपाणीच्या ताईंनी विचारलंय, "साखरपुडा झालाय, आता काय हरकत, असं तो म्हणतो." त्यावर एका दादांनी लिहिलं की, मुलीनंच जपून राहावं. इथं माझं जमत नाही बघा.

बायबलमधलं मत्तय ५:२८ काढून वाचा. वासनेनं बघणाऱ्याला येशू दोषी धरतो. ती काय नेसली होती, कुठं उभी होती, याची चौकशी तो करत नाही. १ करिंथ ७:४, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, तर त्या काळाच्या मानानं धक्कादायकच. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार, हे सगळेच म्हणायचे. पौल लगेच उलट बाजूही सांगतो, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. आमच्याकडं लग्नाच्या उपदेशात पौलाच्याच इफिसकरांसच्या पत्रातलं ५:२२, "बायकांनो, नवऱ्याच्या अधीन असा", ठणकावून वाचतात, आणि "एकमेकांच्या अधीन असा" हे त्याच्या आधीचं २१वं वचन गिळून टाकतात!

माझं ठरलं तेव्हा मी खानापुरात, ती बेळगावात. रविवारी उपासनेनंतर कॅम्पात चहा, मग शेवटच्या बसच्या आत परत. मोह नव्हता असं नाही, होताच. एकदा मीच हट्ट धरला. ती म्हणाली, "नको म्हटल्यावर तू रुसतोस, याची मला जास्त भीती वाटते." लाज वाटली ओ. पुढं दोघांनी बसून मर्यादा ठरवल्या.

ताई, त्याला एकदा स्पष्ट 'नाही' म्हणा, आणि तो काय करतो ते बघा. ऐकलं तर उत्तमच. धमकी दिली, लग्न मोडेन म्हणाला, तर चर्चच्या पाळकांना आणि घरी आत्ताच सांगा. साखरपुडा मोडता येतो.