मदत हवी आहे: ३०४ स्टेनलेसच्या ड्रॉ डायवरचं टीआयएन कोटिंग १,२०० नगांतच गेलं

धागाकर्ता (कुपवाड एमआयडीसी, सांगली)

नमस्कार मंडळी. ७० मिमी व्यासाची, ३३ मिमी खोल वाटी एकाच ड्रॉमध्ये, म्हणजे सपाट पत्रा पंचानं डायच्या भोकात एकदाच ओढून काढतोय. माल ३०४ स्टेनलेस, जाडी ०.८ मिमी, ब्लँक (गोल कापलेला पत्रा) १२० मिमी. डाय रिंग डी२ टूल स्टीलची, हीट ट्रीटमेंटनंतर कडकपणा ६१ एचआरसी (रॉकवेल सी). बोअर (डायचं भोक) वायरकटनं, म्हणजे ठिणग्या पाडणाऱ्या तारेनं कापून ७१.७ मिमी केलाय, डायच्या तोंडाच्या कडेचा रेडियस ३ मिमी. पुण्याहून टायटॅनियम नायट्राइड (टीआयएन) कोटिंग करून आणलं, जाडी ३ मायक्रॉन. तेल ६८ नंबरचं हायड्रॉलिक.

१,२०० नग झाल्यावर वाटीवर बाहेरून उभे ओरखडे यायला लागले. रेडियसवर आणि बोअरमध्ये सोनेरी रंग जाऊन चंदेरी पट्टे दिसतात. कोटिंगवाले हीट ट्रीटमेंटकडे बोट दाखवतात, हीट ट्रीटमेंटवाले कोटिंगकडे. तेच कोटिंग परत करून घ्यावं की दुसरं बघावं?

प्रतिसाद १

दादा, चंदेरी दिसलं म्हणजे कोटिंग उडालंच असं धरू नका. बऱ्याचदा कोटिंग खाली शाबूत असतं आणि त्याच्यावर स्टेनलेस चिकटून बसलेलं असतं. दोन्ही लांबून सारखंच दिसतं, पण उपाय अगदी वेगळे.

आधी नख फिरवून बघा. उंचवटा लागला तर माल चिकटलाय, खड्डा लागला तर पोपडा निघालाय. पक्कं करायचं तर मोरचूद वापरा, तासगावकडच्या कुठल्याही शेती दुकानात मिळेल. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद आणि गंधकाम्लाचे दोन-तीन थेंब. हातमोजे घाला. थिनरनं डाय स्वच्छ पुसून कापसाच्या बोळ्यानं लावा आणि एक मिनिट थांबा. जिथे डी२ उघडं पडलंय तिथे तांब्याची लाली चढेल. चिकटलेल्या ३०४ वर चढणार नाही, टीआयएनवरही नाही. झालं की लगेच पाण्यानं धुऊन तेल लावा. चुंबकावर मात्र विसंबू नका, ओढलेलं ३०४ स्वतःच चुंबकाला धरायला लागतं.

हीट ट्रीटमेंटचा चार्ट मागवून टेंपरिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला परत तापवणं) किती अंशांवर झालं तेही कळवा.

प्रतिसाद २

टीआयएन कडक आहे, २,००० एचव्ही (विकर्स) च्या वर, पण म्हणून ते गुळगुळीत सरकतं असं नाही. तेल नसेल तर स्टीलवर त्याचा घर्षण गुणांक ०.४ ते ०.६ असतो. माल सरकवायचं काम तेलाचं आहे. हायड्रॉलिक तेलाचा थर रेडियसवरच्या दाबाखाली टिकत नाही, तो फुटला की ३०४ लगेच धरतं. डीप ड्रॉइंगचं क्लोरीनवालं ईपी (जास्त दाब झेलणारं) तेल घ्या, नाहीतर शीटवर पीव्हीसी फिल्म लावून ती बाजू डायकडे ठेवा. फिल्मची जाडी क्लिअरन्समध्ये (पंच आणि डायमधल्या फटीत) धरायला विसरू नका. क्लोरीनचं तेल वाटीवर राहू देऊ नका, स्टेनलेसला बारीक खड्डे पडतात.

पंचाच्या नाकाला तेल नको आणि कोटिंगही नको. तिथलं घर्षण आपल्या फायद्याचं असतं, तळ पातळ होत नाही.

धागाकर्ता

मोरचूद लावून पाहिलं. रेडियसवरचे पट्टे चंदेरीच राहिले, नखाला उंच लागतात. बोअरमध्ये रेडियसच्या लगेच खाली मात्र चार-पाच ठिकाणी लाल झालं, तिथे खड्डे आहेत. चार्टमध्ये टेंपरिंग २०० अंश. आत्ता मोजलं तर ५८ एचआरसी येतंय.

प्रतिसाद १

मग दोन्ही दुखणी आहेत, आणि दोन्हींचं मूळ कोटिंगच्या आधीच्या कामात आहे.

बोअरमधले पोपडे वायरकटच्या पांढऱ्या थरामुळे. वायरकटमध्ये वितळून परत गोठलेली ती कातडी ठिसूळ असते, तिच्यात बारीक चिरा असतात. कोटिंग तिला घट्ट धरतं, पण ती कातडीच स्टीलवरून सुटते. सुटलेला चुरा मग वाळूसारखा पुढचा भाग खरवडतो.

टेंपरिंग २०० अंशांचं आणि पीव्हीडीच्या (निर्वातात वाफेतून कोटिंग चढवण्याच्या) भट्टीत डाय ४५० अंशांच्या आसपास गेलेली. म्हणजे तिथे तिचं परत टेंपरिंग झालं, ६१ चे ५८ त्यामुळेच. अशा वेळी मापही हलतं. कोटिंगला जाणारं डी२ कोटिंगच्या तापमानापेक्षा वर, ५०० ते ५२० अंशांवर किमान दोनदा टेंपर केलेलं हवं. मग ५८ ते ६० एचआरसी येतं आणि भट्टीत हलत नाही.

रेडियसवर माल चिकटला तो दाबामुळे. ३ मिमी म्हणजे जाडीच्या चौपटीलाही कमी, स्टेनलेसला पाच ते आठ पट द्या. क्लिअरन्स एका बाजूला ०.८५ आहे, पण ब्लँकची कड आत येताना जाड होते, म्हणून ०.९ ते ०.९५ लागतो.

आता असं करा. जुनं कोटिंग कोटिंगवाल्यांकडूनच केमिकलनं काढून घ्या, घासून काढू नका आणि त्यावरच दुसरा थर तर अजिबात नको. मग ५१० अंशांवर दोनदा टेंपरिंग, दर वेळी दोन तास. त्यानंतर बोअर ग्राइंडिंगनं ७१.९ करा. बाजूला ०.१ मिमी निघतं, त्यात पांढरा थरही जातो आणि क्लिअरन्सही बसतो. रेडियस ५ मिमी. शेवटी डायमंड पेस्ट, ६ मायक्रॉन मग ३ मायक्रॉन, खडबडीतपणा आरए ०.१ मायक्रॉनच्या आत. पॉलिशच्या रेषा माल वाहतो त्या दिशेनंच हव्यात, गोल फिरवलेल्या आडव्या रेषांवर माल अडतो.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. आर्क पद्धतीच्या (विजेच्या ठिणगीनं धातू उडवून चढवलेल्या) कोटिंगवर धातूचे बारीक थेंब बसलेले असतात. कोटिंग करून आल्यावर फेल्टवर ३ मायक्रॉनची पेस्ट घेऊन हलक्या हातानं फिरवा, नाहीतर पहिल्या शंभर नगांतच चिकटायला सुरुवात होते.

डायसोबत त्याच डी२ चा, तसंच टेंपर केलेला एक तुकडा कोटिंगला पाठवा. परत आला की त्यावर रॉकवेल सीचा १५० किलोचा ठसा मारून १०० पट भिंगाखाली बघा. ठशाभोवती नुसत्या बारीक चिरा असतील तर चालेल, पापुद्रे उडाले असतील तर डाय मशीनवर चढवू नका. कोटिंगची पकड ठरवणाऱ्या व्हीडीआय ३१९८ या जर्मन मानकाच्या तक्त्यात एचएफ१ ते एचएफ४ पास, एचएफ५ आणि एचएफ६ नापास.

नग किती काढायचेत? दोन-तीन हजारांचंच काम असेल तर ॲल्युमिनियम ब्राँझची रिंग बसवा. ती झिजते, पण स्टेनलेस तिला चिकटत नाही.

धागाकर्ता

महिन्याला आठ हजार नग आहेत, म्हणून डी२ च ठेवतो. रिंग स्ट्रिपिंगला (जुनं कोटिंग काढायला) पाठवतोय, सोबत तुकडाही देतो. ठशाचा फोटो इथेच टाकतो.