विश्रामबागवाडा दहा मिनिटांत?

कुणीतरी लिहिलंय, पुण्यातला विश्रामबागवाडा म्हणजे पेशव्यांचा वाडा, दहा मिनिटांत बघून होतो. अहो, दहा मिनिटांत नुसती दर्शनी बाजूसुद्धा होत नाही! बाजीराव रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभे राहा (धक्के खायची तयारी ठेवून) आणि तो लाकडी सज्जा निवांत बघा. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर कोरलेली केळफुलं.

आणि नुसता पेशव्यांचा कसा? तो बांधणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाचं, शेवटच्या पेशव्याचं, राज्य १८१८ ला गेलं. तीनच वर्षांत इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, डेक्कन कॉलेजचं मूळ ते. १८७९ च्या मे महिन्यात वाडा आगीत सापडला. पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवारवाडाही तेव्हाच जळाला, तो कायमचा गेला. हा पुन्हा उभा राहिला. पुढे नगरपालिकेचं ऑफिस इथेच आलं, १९५० ला महापालिका झाली तेव्हाही इथेच होतं. आमचे आजोबा घरपट्टी भरायला या केळफुलांखालून जायचे. मान वर करून बघितलं का विचारलं, तर म्हणाले, "रांग सोडून?"

जायचं तर सकाळीच जा. संध्याकाळी तुळशीबागेच्या बाजाराची गर्दी तिथपर्यंत येते.