किंडल : नुसता एअरप्लेन मोड पुरत नाही

जेलब्रेक केलेलं, म्हणजे बाहेरची ॲप चालावीत म्हणून अ‍ॅमेझॉनची बंधनं तोडलेलं किंडल एअरप्लेन मोडवर ठेवलं की काळजी मिटली, हे मला पटत नाही. शब्दकोश उतरवायला, कोरीडर या वाचनाच्या ॲपमध्ये पुस्तकं घ्यायला कधीतरी वायफाय लागतंच, आणि तेवढ्यात जेलब्रेकच्या मुळावर येणारं अपडेट गुपचूप येऊन बसतं. मी क्युअल (जेलब्रेकनंतर बाहेरची ॲप उघडून देणारा मेनू) मधून ‘रीनेम ओटीए बिन’ हे साधन चालवलंय. अपडेट बसवणाऱ्या फायलींचं नावच बदलतं, मग किंडलला त्या सापडतच नाहीत. पण कळकळीने सांगतो, फॅक्टरी रीसेट करण्याआधी त्याच मेनूतून ‘रिस्टोर’ करून ती नावं जरूर पूर्ववत करा! शिवाय यूएसबी जोडून पाहा. सगळ्या फोल्डरांच्या बाहेर ‘अपडेट’ नावाची बिन फाइल अर्धवट उतरलेली दिसली तर लगेच उडवा. फर्मवेअरच्या (किंडलच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) 5.18.1 आवृत्तीने विंटरब्रेक या जेलब्रेकच्या पद्धतीची वाट बंद केली, त्यामुळे त्याआधीचं फर्मवेअर असेल तर जिवापाड जपा.